वाडा गेला, देऊळ राहिले : कुलाबा किल्ल्याच्या दगडांमागचे शास्त्र

अलिबागच्या किनाऱ्यावरून समोरच्या कुलाबा किल्ल्याकडे पाहणाऱ्या माणसाला एकाच दिवसात दोन निरनिराळी दृश्ये दिसतात. सकाळी ज्या जागेवरून होडी जात होती, त्याच जागेवरून दुपारी माणसे चालत आणि टांगे ओल्या वाळूत चाके रुतवत किल्ल्याकडे जाताना दिसतात, आणि संध्याकाळी तेथे पुन्हा पाणी असते. हे कोडे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. किल्ल्याच्या आत मात्र त्याहून मोठे कोडे वाट पाहत असते. हा किल्ला सरखेल, म्हणजे मराठी आरमाराचे प्रमुख, असलेल्या आंग्र्यांच्या सत्तेचे मुख्य ठाणे होता आणि त्यांचा राहता वाडा येथे होता. तरी आज त्या वाड्याची उरली आहेत ती जोती आणि काही भिंतींचे अवशेष, तर त्याच वाड्याच्या जवळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळ जसेच्या तसे उभे असून त्यात आजही पूजा होते. एकाच बेटावर, एकाच खाऱ्या वाऱ्यात, एकाच घराण्याने उभारलेल्या दोन वास्तूंपैकी एक नाहीशी झाली आणि दुसरी टिकली, असे का व्हावे, हा या लेखाचा विषय आहे.

शिवाजी महाराजांनी १६८० च्या मार्चमध्ये, म्हणजे आपल्या निधनाच्या काही दिवस आधी, या खडकावर किल्ल्याचे काम सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुढच्या वर्षी पुरे झाले. १७१३ मध्ये पेशवा बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी आंग्रे यांच्यात झालेल्या तहाने तो कान्होजींकडे आला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून त्याच्यावर केलेली मोहीम फसली. आणि जुलै १७२९ मध्ये कान्होजींचा मृत्यूही याच किल्ल्यात झाला. ज्या जिल्ह्याला आज रायगड म्हणतात, त्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते, ते याच बेटावरून. म्हणजे येथील वाडा हा एखाद्या किल्लेदाराचा तात्पुरता मुक्काम नव्हता, तर एका दर्यावर्दी राज्याची ती राजधानी होती.

समुद्रात उघडणारी वाट

वाडा आणि देऊळ पाहायला जाणाऱ्याला पहिली परवानगी समुद्राची घ्यावी लागते, म्हणून सुरुवात भरती-ओहोटीपासून करणे योग्य ठरेल. चंद्राच्या ओढीने समुद्राचे पाणी चढते, एवढे शाळेत सर्वांनी शिकलेले असते. परंतु चंद्र दिवसातून एकदाच डोक्यावर येत असताना भरती दोनदा का येते, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात तसाच राहतो. याचे उत्तर समजण्यासाठी एका मागोमाग एक चालणारे तीन वारकरी डोळ्यांसमोर आणावेत. पुढचा सर्वांत भरभर, मधला त्याहून सावकाश आणि मागचा सर्वांत सावकाश चालत असेल, तर तिघेही एकाच दिशेने चालले असूनही मधल्याच्या पुढचे आणि मागचे अशी दोन्हीकडची अंतरे वाढत जातात. चंद्राकडच्या बाजूचे पाणी हा पुढचा वारकरी, पृथ्वीचा गाभा हा मधला आणि पलीकडच्या बाजूचे पाणी हा मागचा. चंद्राची ओढ जवळच्यावर जास्त आणि दूरच्यावर कमी असल्याने पाणी पृथ्वीच्या दोन्ही अंगांना फुगते. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना कोणताही किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जातो आणि म्हणून त्याला दिवसातून दोन भरत्या मिळतात.

पृथ्वीच्या एका फेरीच्या काळात चंद्रही आपल्या मार्गावर थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला सुमारे ५० मिनिटे जास्त फिरावे लागते आणि भरतीची वेळ रोज तेवढी पुढे जाते. सूर्यही पाणी ओढतो, पण त्याचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी असतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत आल्याने दोघांचा परिणाम एकत्र होतो, त्याला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघे एकमेकांशी काटकोनात ओढत असल्याने चढ-उतार कमी होतो, ती भांगाची भरती होय. यातून निघणारी एक गोष्ट पाहुण्यांच्या सहसा ध्यानात येत नाही : उधाणाच्या दिवसांत पाणी जसे जास्त चढते तसेच ते जास्त खालीही उतरते, म्हणून किल्ल्याकडे कोरड्या पायाने जाण्यास खरे अनुकूल दिवस उधाणाचे असतात, भांगाचे नव्हेत.

चौकट : तिथीवरून ओहोटी कशी काढावी

कोकणात घड्याळाआधीपासून चालत आलेला ठोकताळा असा की, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, बाराच्या सुमारास. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी व रात्री नवाच्या सुमारास. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे आणि चंद्राचा रोजचा उशीर सुमारे ५० मिनिटे, एवढाच या हिशेबातला फरक असल्याने तो अर्ध्या-पाऊण तासाच्या आत बरोबर येतो. प्रत्यक्ष जाताना मात्र छापील वेळापत्रक आणि किनाऱ्यावरील माणसांचा सल्ला हाच प्रमाण मानावा.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हेही लक्षात ठेवणे जरूर आहे. ओहोटी संपल्यापासूनच्या सहा तासांत पाणी एकूण चढाच्या बारा भागांपैकी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन आणि एक भाग चढते. पहिल्या तासात काहीच घडत नसल्यासारखे वाटते, आणि तिसऱ्या व चौथ्या तासांत मिळून निम्मी भरती येऊन जाते. परतीची वाट त्याआधी गाठलेली असावी. पावसाळ्यात ओहोटीलाही कमरेएवढे पाणी राहू शकते.

चतुर्थीला नवाच्या सुमारास ओहोटी येण्याचा योग विशेष आहे. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी शिगेला जातो आणि चतुर्थीपर्यंत पुरता ओसरलेला नसतो. त्यामुळे विनायकी असो वा संकष्टी, पावसाळा सोडला तर गणपतीच्या तिथीला सकाळी नवाच्या आगेमागे किल्ल्यातील सिद्धिविनायकाची वाट उघडी असते. हा केवळ पंचांगाच्या गणिताचा परिणाम असला, तरी भाविकाला तो किती सोयीचा पडतो हे सांगायला नको.

चुन्याविना उभा तट

किल्ल्याची दक्षिणोत्तर लांबी सुमारे २७० मीटर आणि रुंदी त्याच्या निम्म्याहूनही कमी असून तटाची सरासरी उंची २५ फूट आहे. तटात पिंजरा, नगारखानी, गणेश, सूर्य, हनुमंत, तोफखानी, दारूखानी अशा नावांचे मिळून सतरा बुरूज आहेत. उत्तरेला सर्जेकोट नावाचा एक छोटा जोडकिल्ला आहे. तटाजवळ उभे राहून पाहिल्यास असे दिसते की, मोठमोठे काळे दगड एकमेकांवर नुसते रचलेले आहेत आणि त्यांच्या सांध्यांत चुना भरलेला नाही. घर बांधताना साधी फट राहिली तर गवंड्याला बोल लावला जातो. मग भर समुद्रात, जेथे लाटा दिवसरात्र थडकतात, तेथे फटी मोकळ्या ठेवण्यात शहाणपण कोणते, असा प्रश्न पडतो.

त्याचे पहिले कारण चुन्याच्या स्वभावात आहे. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजले म्हणजे कळीचा चुना मिळतो, तो पाण्यात विरवून वाळूबरोबर घाणीत मळला जातो, आणि दोन दगडांमध्ये बसल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेत तो पुन्हा चुनखडीसारखा दगड बनतो. म्हणजे चुना वाळून घट्ट होत नाही, तर हवेशी संयोग पावून होतो, आणि त्याला त्यासाठी आठवडे, कधी महिने लागतात. ज्या सांध्यावरून दिवसातून दोनदा समुद्र जातो, तेथे त्याला ना पुरती हवा मिळते ना उसंत. विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळलेला चुना ओलाव्यात बराच चांगला धरतो, म्हणून हौद आणि गच्च्या यांसाठी ती वापरत. रोमन लोकांनी ज्वालामुखीची राख मिसळून समुद्रातही धरणारा चुना बनवला होता. परंतु ताजा चुना धरण्याआधीच लाटेने धुऊन नेला, तर त्याच्या गुणांचा उपयोग काय?

दुसरे कारण लाटेच्या वागण्यात आहे. लाट भिंतीवर आदळते तेव्हा ती नुसती ढकलत नाही. पाणी आणि त्याच्याबरोबर अडकलेली हवा फटींत कोंबली जाते, भिंतीच्या आतल्या भरावात पाणी शिरते, आणि लाट मागे फिरली की हे आत अडकलेले पाणी भिंतीला आतून बाहेर लोटू लागते. तोंड बंद केलेल्या भिंतीत हा दाब साचत जातो आणि एखाद्या दुबळ्या सांध्यातून दगड बाहेर फेकला जातो; एक दगड निघाला की शेजारच्यांचा आधार सुटतो. फटी मोकळ्या असलेल्या भिंतीत पाणी आत येते तसेच वाहून जाते आणि येता-जाता असंख्य लहान प्रवाहांत विभागून आपला जोर गमावते. वाऱ्यात चादर ताणून धरली तर हात ओढले जातात, जाळे धरले तर जात नाहीत, तसाच हा प्रकार आहे. घाटरस्त्यांच्या संरक्षक भिंतींत पाणी झिरपून जाण्यासाठी ठेवलेली भोके आणि मुंबईच्या मरीन ड्राइव्हला टाकलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे हे दोन्ही याच तत्त्वावर काम करतात : पाण्याला अडवायचे नाही, दमवायचे.

अशा बांधणीची एक अट मात्र कडक आहे. पाण्यात बुडालेला दगड आपल्या आकाराएवढ्या पाण्याचे वजन गमावतो, आणि कोकणातील बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा कातळ, पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असल्याने त्याचे सुमारे एक तृतीयांश वजन पाण्यात कमी होते. उरलेल्या वजनावर आणि दगडा-दगडांतील घर्षणावरच सारी भिस्त असल्यामुळे दगड मोठे निवडावे लागतात आणि ते एकमेकांत बसतील असे रचावे लागतात. येथे चुन्याची बचत झाली असे म्हणणे त्या कारागिरांवर अन्याय करणारे आहे. चुना नाही म्हणून त्यांना दगडांच्या निवडीत आणि रचनेत कितीतरी जास्त कौशल्य ओतावे लागले.

खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडे पाणी

देवळासमोर गोड्या पाण्याची पुष्करणी आहे आणि किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीरही आहे. चहूकडे समुद्र असताना हे पाणी गोडे कसे, याचे उत्तर पाहुणे अनेकदा चमत्कारात शोधतात. वास्तविक ते पावसात आणि पाण्याच्या वजनात आहे. या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पुष्करणीत तो सरळ साठतो, तर उरलेला मातीतून आणि कातळाच्या भेगांतून खाली मुरतो. खाली त्याची गाठ भेगांतूनच आत आलेल्या समुद्राच्या पाण्याशी पडते, परंतु खारे पाणी गोड्यापेक्षा शेकडा अडीच भागांनी जड असल्यामुळे गोडे पाणी त्याच्यात लगेच मिसळून न जाता त्याच्यावर तरंगत राहते, जशी तापवलेल्या दुधावर साय.

हा तरंगता थर किती जाड असू शकतो, याचे गणित एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच अभियंता बाडोन खायबेन आणि त्यानंतर जर्मन अभियंता हेर्झबर्ग यांनी स्वतंत्रपणे मांडले. समुद्राच्या पातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक हात असेल, तर खाली सुमारे चाळीस हातांपर्यंत गोडे पाणी असू शकते, असे ते सांगते. बर्फाचा खडा पाण्यावर थोडा दिसतो आणि खाली पुष्कळ असतो, तसेच हे आहे. हे प्रमाण सारख्या वाळूच्या बेटांना चपखल लागू पडते. कुलाब्यासारख्या भेगाळलेल्या कातळात भेगा जशा असतील तसे ते बदलते, पण तत्त्व तेच राहते. याच तत्त्वात एक इशाराही आहे : वरची पातळी हातभर उपसली तर खालून खारे पाणी चाळीस हात वर येऊ पाहते आणि विहीर मचूळ होते. समुद्रातल्या किल्ल्याची विहीर बेताने वापरावी लागते, आणि वेढ्याच्या काळात धान्याइतकाच तिचा हिशेब ठेवावा लागे.

वाडा लाकडाचा का असतो

आता मूळ कोड्याकडे वळता येईल. दगडाचा एवढा हातखंडा असलेल्या लोकांनी आपला वाडा दगडाचा का बांधला नाही? याचे उत्तर खडूच्या एका तुकड्यात मिळते. खडू उभा धरून दोन बोटांत दाबला तर तो सहज मोडत नाही, पण आडवा धरून वाकवला की तत्काळ तुटतो. दगडही तसाच असतो. दाब तो भरपूर सोसतो, ताण मात्र त्याला सोसवत नाही. दोन खांबांवर दगडाची तुळई टाकली की तिच्या वरच्या बाजूवर दाब येतो आणि खालची बाजू ताणली जाते, त्यामुळे खांबांतील अंतर थोडे वाढवले तरी ती मधोमध तडकते. देवाचा गाभारा लहान असतो, त्याला खिडक्या नको असतात आणि मजलेही नको असतात. चारही बाजूंनी दगडाचे थर थोडे थोडे आत सरकवत नेले की छत मिटते आणि प्रत्येक दगडावर फक्त दाबच राहतो. देऊळ ही दगडाच्या स्वभावाला मानवणारी वास्तू आहे.

वाड्याच्या गरजा वेगळ्या असतात. दरबारासाठी रुंद आणि मोकळी दालने, माणसांच्या राबत्यासाठी ओसऱ्या आणि माजघरे, वर आणखी मजले, मधल्या चौकातून उजेड आणि वारा, आणि कोकणातल्या पावसासाठी उतरती कौलारू छपरे. लाकूड ताण आणि दाब दोन्ही सोसते, दगडापेक्षा पुष्कळ हलके असते आणि कोरून सजवताही येते. म्हणून मराठी वाड्याची रीत अशी ठरली की, खाली दगडाचे जोते, त्यावर दगडी तळखड्यात उभे केलेले सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ मांडलेल्या कड्या आणि त्यांच्यावर फळ्या, म्हणजे कडीपाट. भिंती मुख्यतः विटांच्या. भार खांब उचलतात, भिंती जागा अडवतात. ही पद्धत राहण्यासाठी फार सुखाची आहे आणि तिची मोडती बाजूही तीच आहे, कारण जो सांगाडा सगळा वाडा तोलून धरतो, तोच जळू शकतो.

आग लागली म्हणजे अशा वाड्यात काय होते, हे समजायला चुलीकडे पाहणे पुरेसे आहे. गरम हवा वर जाते आणि खालून नवी हवा ओढून घेते. मजल्यावर मजले असलेल्या वाड्यात जिने आणि चौक धुरांड्याचे काम करतात, फळ्यांची जमीन आग वरच्या मजल्याला पोचवते, आणि तुळई कोसळली की तिच्यावरचे सगळे खाली येते. बेटावर समुद्राचा वारा आगीला अडथळ्याविना मिळतो. कुलाबा किल्ल्यात १७२९ मध्ये पिंजरा बुरुजाजवळ लागलेल्या आगीत अनेक इमारती गेल्या आणि १७८७ च्या आगीत आंग्र्यांचा वाडा जळाला. हे दुर्दैव एकट्या कुलाब्याचे नव्हे. याच जिल्ह्यात रायगडावर १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्याने लागलेल्या आगीत राजवाडा भस्म झाला आणि आज तेथे जोती दिसतात, परंतु त्याच गडावर हिरोजी इंदुलकरांचा शिलालेख असलेले जगदीश्वराचे देऊळ उभे आहे. पुण्यात १८२८ मध्ये शनिवारवाड्याचे महाल जळून गेले आणि दगडी तट राहिले. तिन्ही ठिकाणी आगीने एकच निवड केली : लाकूड नेले आणि दगड ठेवला.

पाच देवांचे घर

टिकलेले देऊळ पंचायतन आहे. पंचायतन म्हणजे मुख्य देवतेबरोबर आणखी चार देवतांची एकत्र स्थापना. गणपती, शिव, विष्णू, सूर्य आणि देवी या पाचांपैकी ज्या देवतेवर घराण्याची मुख्य भक्ती, ती मध्यभागी आणि उरलेल्या चार भोवती, अशी ही मांडणी स्मार्त परंपरेत रूढ आहे. कुलाब्यास मध्यभागी गणपती असल्याने ते गणेश पंचायतन होय. देवळाच्या दोन बाजूंना महादेवाचे आणि मारुतीचे देऊळ आहे. राजघराण्याच्या खासगी उपासनेला या मांडणीतून एक मोठे रूप मिळते : वाड्याच्या अंगणात एकाच देवाचे नव्हे, तर सर्व उपासनांचे मिळून एक लहानसे विश्व उभे केले जाते, आणि राज्यातील कोणत्याही पंथाचा माणूस तेथे परका राहत नाही.

हीच कल्पना जगाच्या दुसऱ्या एका समुद्रकिनारी, अगदी निराळ्या साहित्यातून साकारलेली आहे. भूमध्य समुद्रातील सिसिली बेटावर पालेर्मो येथे राजा दुसरा रॉजर याने आपल्या राजवाड्यात ११३२ पासून एक खासगी प्रार्थनामंदिर बांधवून घेतले. त्याच्या भिंती आणि घुमट मोझेकने मढवलेले आहेत, छत अरबी धाटणीच्या कोरीव आणि रंगवलेल्या लाकडाचे आहे आणि आराखडा पाश्चात्त्य ख्रिस्ती चर्चचा आहे. ग्रीक, अरब आणि लॅटिन अशा तिन्ही परंपरांना तेथे एका छताखाली जागा मिळाली. मोझेक म्हणजे रंगीत तुकडे ओल्या गिलाव्यात बसवून काढलेले चित्र. महाराष्ट्रातील इमारतींच्या गच्चीवर फुटक्या लाद्यांचे तुकडे बसवून केलेली फरशी सर्वांनी पाहिलेली असते. पालेर्मोचे तुकडे मात्र नखाएवढे आणि बरेचसे काचेचे आहेत. सोनेरी तुकड्यात दोन काचांच्या मध्ये सोन्याचा पातळ वर्ख ठेवून त्या एकत्र तापवलेल्या असतात, त्यामुळे सोन्याला हवा किंवा हात लागत नाही आणि ते शतकानुशतके मळत नाही. बसवताना हे तुकडे एका पातळीत न ठेवता थोडे थोडे तिरके ठेवले जातात. म्हणून पाहणारा पुढे सरकला किंवा दिव्याची ज्योत हलली की वेगवेगळे तुकडे आळीपाळीने चमकतात, आणि सगळी भिंत श्वास घेत असल्याचा भास होतो.

या प्रार्थनामंदिराने वर काढलेल्या निष्कर्षाला एक अडचण उभी केली आहे, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तेथील छत लाकडाचे आहे आणि तरीही बाराव्या शतकापासून आजपर्यंत टिकले आहे. भोवतीचा राजवाडा राज्यकर्ते बदलले तसा अनेकदा मोडून-जोडून बदलला गेला, आज त्यात सिसिलीची प्रादेशिक विधानसभा भरते, पण प्रार्थनामंदिर आपल्या मूळ रूपात बऱ्याच अंशी कायम आहे. तेव्हा दगड टिकतो आणि लाकूड जाते, एवढ्यानेच उत्तर पुरे होत नाही. ज्या वास्तूचा उपयोग एका राजाच्या हयातीशी बांधलेला असतो, ती पुढच्या राजाला अपुरी, जुनी किंवा नकोशी होते. ज्या वास्तूत रोज दिवा लागतो, तिच्या छपराची गळती त्याच दिवशी कोणाच्या तरी नजरेस पडते आणि तिची दुरुस्ती हे कर्तव्य मानले जाते. गळती वेळीच थांबवणे हेच लाकडाचे खरे औषध आहे, कारण लाकूड काळाने कुजत नाही, ओलाव्याने कुजते.

लिलावात काय विकले गेले

कुलाब्यास या दुसऱ्या कारणाचा पुरावा आगीनंतरच्या इतिहासात मिळतो. १८४० च्या सुमारास आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी खालसा केले आणि १८४२ मध्ये किल्ल्यातील इमारतींचे लाकूड लिलावात विकले. तेथील दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या कामास वापरले गेले. सागाची तुळई उतरवली की दुसऱ्या घराला लागते आणि घडलेला चिरा कोणत्याही भिंतीला चालतो, म्हणून धनी नसलेली वास्तू ही आसपासच्या सर्वांसाठी आयती खाण होते. म्हणजे आगीतून जे वाचले होते, ते बाजाराने नेले. देवळाचे दगड वाड्याच्या दगडांहून वेगळे नव्हते, त्यांनाही तीच किंमत आली असती. पण ते कोणी उपटले नाहीत, कारण त्यांच्यामध्ये मूर्ती होती आणि मूर्तीला पुजारी होता. १७८७ च्या आगीत देवळाला त्याच्या दगडाने राखले असेल, १८४२ च्या लिलावात त्याला राखले ते पूजेने. तटालाही लाटांपुढे त्याच्या रचनेने राखले, आणि आज सारा किल्ला राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक म्हणून कायद्याने राखला जातो.

देवळाचे दर्शन घेऊन बहुतेक पाहुणे तसेच परत फिरतात आणि वाड्याची जोती गवतात दुर्लक्षित राहतात, ही खेदाची गोष्ट आहे. पडलेला वाडा वाचता येतो. जोत्यावर ठरावीक अंतराने दिसणारे तळखडे म्हणजे एकेका खांबाची जागा. दोन तळखड्यांतील अंतर म्हणजे एका तुळईची लांबी. तळखड्यांची चौकोनी रांग जेथे मोकळी जागा सोडते तेथे चौक होता, आणि पाण्याचा पन्हाळ जिकडे वळतो तिकडे छपराची पावळी पडत असे. हातात कागद-पेन्सिल घेऊन एवढ्या खुणा जरी मांडल्या, तरी न दिसणाऱ्या वाड्याचा नकाशा तासाभरात कागदावर उतरतो. त्या तासाचा हिशेब ओहोटीच्या वेळेतून आधीच वजा केलेला असावा, कारण भरतीचा तिसरा तास सुरू झाला की किनाऱ्याकडची वाट थांबत नाही.